डबीतले आबा

साताऱ्याकडच्या माणसाला नागपूर महाराष्ट्रात आहे हे भूगोलात पाठ असतं, मनातून पटलेलं नसतं. मी तर चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर पट्टी ठेवून पोरांना नागपूर दाखवलं, स्वतः मात्र कधी गेलो नव्हतो. यंदा मार्चअखेर गेलो आणि बारा दिवस राहून आलो. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "गुरुजी, दीक्षाभूमी पाहिली का? संत्री आणली का?" दोन्ही झालं. पण मी जे पाहून आलो ते पारावर उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

माझी मुलगी अनुजा लग्न होऊन नागपूरला गेली. तिची रेवा आता आठ वर्षांची आहे आणि ती स्वमग्न आहे. तिला सगळं ऐकू येतं, पुष्कळ कळतंही. टीव्हीवरची जाहिरात ती अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवते. पण तहान लागली तर पाणी मागत नाही, आपला हात धरून माठापाशी नेते. स्वतःचा असा एक शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ती सुट्टीत माझ्याकडे आली होती. हजारभर पोरांना वाचायला शिकवलेला माणूस मी. म्हटलं, नात कुठं जाते? पाटी घेतली, अक्षरावर बोट ठेवलं आणि आवाज लावला. माझा आवाज शाळेच्या मैदानाच्या पलीकडच्या कडेला जायचा. तो घरातही तेवढाच लागतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी रेवानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि उठून गेली. त्यानंतर मी ज्या खोलीत शिरेन तिथून ती निघून जायची. फोनवर माझं "हॅलो" ऐकलं तर फोन पालथा घालायची. अनुजा मला कधी एका शब्दानं बोलली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. रेवा एका नव्या वर्गाला जाते, तिथं आवाजांवरून वाचायला शिकवतात, घरचं कोणीतरी बरोबर बसावं लागतं. जावई कामानिमित्त बाहेरगावी होते, सासूबाईंना घर सोडून रोज जाणं जमण्यासारखं नव्हतं आणि अनुजाची बँकेतली रजा संपत आली होती. "आबा, तुम्ही याल का? शिकवायला नको. नुसतं बसायला." जन्मभर शिकवलेल्या माणसाला नुसतं बसायला बोलावणं आलं. मी पिशवी भरली.

पोह्यांवर तर्री

गाडीचं सांगण्यासारखं काही नाही. बसलो आणि उतरलो. दारात अनुजाच्या सासूबाई शकुंतलाबाई उभ्या होत्या. व्याह्याला इकडे इवाई म्हणतात. "या इवाई, या. झोप झाली का गाडीत? बसा ना जी, पोहे तयार हायेत."

आमच्याकडे पोहे म्हणजे कांदा, शेंगदाणे, वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड. पाहुण्याच्या पोटाला जपून केलेला पदार्थ. इथं त्यावर हरभऱ्यांची लालभडक तर्री ओततात. पहिल्या घासाला मला ठसका लागला, दुसऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्यानंतर मी बशी पुन्हा पुढं केली. "पाहा," शकुंतलाबाई अनुजाला म्हणाल्या, "आपले होऊन राहिले तुझे बाबा."

रेवा कूलरसमोर बसली होती. नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी खिडकीला खोके लावल्यासारखे हे कूलर असतात, त्यांच्या घरघरीत शेजारचा माणूस ऐकू येत नाही. तरी माझा ठसका तिला ऐकू गेला. ती उठली, माझ्याकडे न बघता आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मी बशीत बघत राहिलो. शकुंतलाबाई म्हणाल्या, "जाऊ द्या जी. मले बी सहा महिने जवळ येऊ नाही दिलं तिनं."

धरमपेठेतला बिनफळ्याचा वर्ग

दुसऱ्या दिवशी निघताना शकुंतलाबाईंनी माझ्या डोक्याला ओला दुपट्टा बांधला आणि सदऱ्याच्या खिशात एक कांदा टाकला. कांद्यानं ऊन लागत नाही म्हणे. आमच्याकडे खिशात कांदा घेऊन फिरणाऱ्याला लोक वेगळं काहीतरी समजतील, पण विहिणीपुढे बोलायची माझी टाप नव्हती.

वर्ग धरमपेठेत एका घराच्या वरच्या मजल्यावर भरतो. दोन खोल्या, जाड सतरंज्या, खिडक्यांना दुहेरी पडदे. फळा नाही. असा वर्ग मी पहिल्यांदाच पाहिला, हात कुठं ठेवावेत ते कळेना. वैशालीताई शिकवतात. पस्तिशीच्या असतील, बोलणं हळू, फोन आला की "जय भीम" म्हणून दोन वाक्यांत संपवतात. मला बघून म्हणाल्या, "सर, तुम्ही तिकडे कोपऱ्यात बसा ना जी. काहीच नका करू." मग हवा हुंगून, "कांदा आणला का खिशात?" रेवा केव्हाच पडद्यामागे जाऊन उभी राहिली होती.

त्यांचं साधन म्हणजे तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची डबी. वरचं बटण दाबलं की आत भरून ठेवलेला आवाज येतो. बाजूचं बारीक बटण धरून ठेवलं तर नवा आवाज भरता येतो. एका मुलीसमोर त्यांनी डबी ठेवली आणि चार कार्डं मांडली. कार्डांवर चित्र नाही, नुसता शब्द. मुलीनं बटण दाबलं, ऑटोचा भोंगा वाजला. वैशालीताई मांडीवर हात ठेवून गप्प बसल्या. मीही बसलो, पण पायाचा अंगठा हलवत. माझ्या वर्गात एवढ्या वेळात मी उत्तर सांगून पुढच्या धड्यावर गेलो असतो. किती तरी वेळानं मुलीनं "ऑटो" लिहिलेलं कार्ड उचललं.

"हे अर्धं काम झालं सर," वैशालीताई नंतर म्हणाल्या. "आवाज ऐकून कार्ड सापडते. मग उलटं करायचं. कार्ड पाहून आवाज शोधला, की ते वाचन."

ही रीत कुठं शिकलात, विचारलं. प्रशिक्षण वगैरे झालं आहेच, त्या म्हणाल्या, पण मूळ घरातलं आहे. त्यांची आजी छप्पन साली नवऱ्याबरोबर दीक्षा घेऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. विहारात रोज म्हणून बुद्धवंदना तोंडपाठ झाली. मग कोणीतरी छापलेली पुस्तिका दिली. "आजी वंदना म्हणे आणि ओळीखाली बोट सरकवे. आवाज तिले माहीत होता, अक्षरं मागून आली. तिले कोणी घाई नाही केली."

रेवाचं काय, हा प्रश्न मी विचारणारच होतो. वैशालीताईंनी तो ओळखला. बाजारातले तयार आवाज, भुंकणारा कुत्रा, टापांचा घोडा, रेवाला त्यातलं काहीच नको होतं. दोन महिने ती पडद्यामागेच होती. "तिच्या घरचे आवाज पाहिजे. जे तिले आवडतात ते." त्यांनी दहा रिकाम्या डब्या पिशवीत घातल्या. मी चटकन हात पुढे केला. निदान एवढं तरी मला जमेल असं वाटलं.

इतवारीत आवाज खरेदी

रेवा स्वयंपाकघरात चमच्यानं भांडी वाजवते आणि कान लावून आवाज विरेपर्यंत ऐकते. म्हणून शकुंतलाबाई मला इतवारीत भांड्यांच्या गल्लीत घेऊन गेल्या. हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर पराती घेतलेले हमाल, आणि सगळ्यांना एकाच वेळी जायचं होतं. आमच्या मंडईत माणूस धक्का देऊन पुढं जातो. इथं "सरका ना जी" म्हणून धक्का देतो.

दुकानदारानं विचारलं, "काय पाहिजे काका?"

"आवाज," मी म्हणालो.

त्यानं शकुंतलाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाहून काय राहिला गा? नातीले ऐकवायचं हाय त्याईच्या. वाजवून दाखव."

एवढं ऐकल्यावर त्या भल्या माणसाला चेव आला. त्यानं परात वाजवली, घंगाळ वाजवलं, मग वर चढून मागचा तांब्या काढला. "हे ऐका जी, पितळेचं. स्टीलले असा आवाज नाही येत." शेजारच्या दुकानातला मनुष्य आपली कढई घेऊन आला. मी एकेक डबी पुढं धरून भरत होतो. घरी येऊन कुकर भरला, कूलर भरला, शकुंतलाबाईंच्या बांगड्या भरल्या. दहाच्या दहा डब्या झाल्या. इतका अभिमान मला निकालाच्या दिवशीही वाटला नव्हता.

डबीत भरलेलं

वर्गात वैशालीताईंनी पहिली डबी दाबली. डबीतून खणखणीत आवाज आला, "हा आवाज कोणाचा?" मग जरासं थांबणं, मागे कुठंतरी काहीतरी खडखडल्यासारखं, आणि "परातीचा!"

दुसरी डबी. "हा आवाज कोणाचा? तांब्याचा!" तिसरी. "हा आवाज कोणाचा? कूलरचा!"

दहाही डब्यांत मी होतो. वस्तू दाखवायची, प्रश्न विचारायचा, श्वासभर थांबायचं आणि आपणच उत्तर द्यायचं. चौतीस वर्षांची खोड. आपण बोलतो आहोत हे मला कळलंसुद्धा नव्हतं. वैशालीताई ओढणीनं डोळे पुसत हसत होत्या. "सर, याच्यात परात कुठे हाय? तुम्हीच तुम्ही भरून राहिले!" त्या दिवशी हौसेनं बरोबर आलेल्या शकुंतलाबाई माझ्या बाजूनं म्हणाल्या, "मले वाटलं, असंच भरतात."

मी खाली मान घालून डब्या पिशवीत टाकायला लागलो. पुन्हा भरून आणायच्या होत्या. एक डबी सतरंजीवर राहिली होती. पडदा हलला. रेवा बाहेर आली, डबीपाशी बसली आणि तिनं बटण दाबलं.

"हा आवाज कोणाचा? कुकरचा!"

वैशालीताईंनी मला बोटानं खुणावलं, हलू नका. रेवानं पुन्हा बटण दाबलं. मग डबी उचलून कानाला लावली आणि पुन्हा दाबलं. अकरा वेळा मोजलं, पुढं मोजायचं सोडलं. मी चार हातांवर बसलो होतो आणि ती खोलीतून गेली नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"माझ्या आवाजानं तर ती पळते," मी कुजबुजलो.

"हा आवाज दरवेळी तसाच येते ना सर. मोठा नाही होत, जवळ नाही येत, रागावत नाही," वैशालीताई तितक्याच हळू म्हणाल्या. "आणि बंद करणं तिच्या हातात हाय."

घरी जाताना ऑटोत मला हे वाक्य सोडेना. माझ्या हजार विद्यार्थ्यांपैकी एकालाही मला बंद करता आलं नव्हतं. किती जणांना करावंसं वाटलं असेल, कोण जाणे.

शाब्बास

पुन्हा काही भरलं नाही. त्याच डब्या घेऊन रेवा वर्गात बसू लागली. पुढच्या तीन दिवसांत कुकर, परात, तांब्या, कूलर, सगळी कार्डं ती आवाजावरून उचलू लागली. मी अनुजाला म्हणालो, तीन दिवसांत वाचायला लागली की काय पोर! वर्गात हेच बोललो, तर वैशालीताईंनी मला जमिनीवर आणलं. "तीन दिवसांत कोणी नाही शिकत सर. तिच्यात आधीचंच लय भरून हाय. आता बाहेर येऊन राहिलं."

आठव्या दिवशी त्यांनी उलटं केलं. डब्यांचे रंग वेगवेगळे होते, ते लक्षात ठेवून ती उचलत असेल अशी मला शंका होती. त्यांनाही असावी, कारण त्यांनी सगळे आवाज एकसारख्या पांढऱ्या डब्यांत भरून आणले होते. चार डब्या मांडल्या आणि एकच कार्ड ठेवलं. कुकर.

रेवानं कार्डाकडे पाहिलं. एक डबी दाबली. "हा आवाज कोणाचा? परातीचा!" तिनं ती बाजूला सारली. दुसरी दाबली, तांब्या निघाला, तीही सारली. तिसरी. "कुकरचा!" तिनं ती डबी उचलली आणि कार्डावर ठेवली. चौथीला हात लावला नाही.

हे वाचन होतं. माझ्या नातीनं शब्द वाचला होता. आणि मी काय केलं? गुडघ्यांवर उठलो आणि मैदानापलीकडे जाणाऱ्या आवाजात ओरडलो, "शाब्बास!"

रेवाचे हात कानांवर गेले. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि मागेपुढे डोलू लागली. दोन्ही खोल्यांतली सगळी मुलं थांबली. वैशालीताईंनी माझ्याकडे आणि मग दाराकडे पाहिलं. मी बाहेर जिन्यावर जाऊन बसलो. म्हातारपणी वर्गाबाहेर काढला गेलेला मी एकटाच मास्तर असेन.

त्यानंतर दोन दिवस रेवानं एकाही डबीला हात लावला नाही. अनुजा बँकेतून आली की आधी डब्या जागच्या हलल्या आहेत का बघायची. मला पोरीला तोंड दाखवायची लाज वाटत होती. तिकीट अलीकडचं मिळतं का बघ, असं मी तिला म्हणालो तेव्हा शकुंतलाबाई भाकरी थापत होत्या.

"काहून?" त्यांनी विचारलं. "रुसलं लेकरू, तं सोडून जाता का इवाई? बसायले आले ना तुम्ही? मग बसा."

म्हणून बसलो. सकाळ-संध्याकाळ, कूलरच्या अलीकडे, भिंतीला टेकून. पेपर वाचला तोही ओठ न हलवता, आणि खरं सांगतो, हे अवघड काम आहे. रेवा कूलरच्या पलीकडे बसायची. मध्ये खोलीभर अंतर. मी शिंक आली तरी बाहेर जाऊन शिंकत होतो. शकुंतलाबाई येता-जाता म्हणायच्या, "आमचे इवाई आता पास होतील."

अकराव्या दिवशी सकाळी गुडघ्यावर काहीतरी टेकलं. डबी होती. रेवा शेजारी उभी होती, बघत होती भिंतीकडे. तिनं माझ्या गुडघ्यावरची डबी दाबली, आणि माझ्या आवाजाच्या जोडीनं तिचा बारीक आवाज आला, "हा आवाज कोणाचा? कुकरचा." तोच हेल, तेच श्वासभर थांबणं. मी जीभ दातांखाली धरली. आतल्या दारात अनुजा उभी होती, तिनं पदर तोंडात धरला होता.

अनुजानं उरलेली दोन दिवसांची रजा टाकली आणि त्या दिवशी वर्गात आम्ही वैशालीताईंना हे सांगितलं. त्यांना आनंद झाला, तो त्यांनी हळूच केला. मग म्हणाल्या, "वाचन सुरू झालं. पण बोलणं अजून तुमचं हाय सर. वाक्य तुमचं, शब्द तुमचे, जाहिरात म्हणते तसंच म्हणून राहिली ती. तुमच्या वाक्यात ज्या दिवशी ती आपला शब्द टाकेल ना, ती तिची भाषा."

"कधी टाकेल?" अनुजानं विचारलं.

"ते मले नाही सांगता येत ताई. महिना लागेल, नाहीतर वर्ष बी लागेल." त्यांनी एक रिकामी डबी रेवाच्या हातात दिली. ती कोणी भरायची नाही, असं आम्हाला बजावलं.

शेवटची दुपार

गाडी संध्याकाळची होती. शकुंतलाबाईंनी गोळाभात केला होता. डाळीचे वाफवलेले गोळे भातात कुस्करायचे आणि वर फोडणीचं तेल घ्यायचं. आमच्याकडे एवढं तेल वाढलं तर पाहुणा मोजायला लागेल. इथं मी स्वतः पळी मागून घेतली. मग सतरंजीवर आडवा झालो. वर्ष लागेल, हे वैशालीताईंचं वाक्य डोक्यात होतं. मनात हिशेब मांडला, माझं वय काय, पुढची फेरी कधी. तेवढ्यात कूलरच्या गारव्यात डोळा लागला.

पुढचं थोडं मला नंतर सांगितलेलं आहे. लाईट गेली. कूलर बंद पडला आणि घरात एकदम शांतता झाली. त्या शांततेत मी घोरत होतो. मी घोरत नाही असं मी बायकोला आयुष्यभर सांगत आलो, पण शकुंतलाबाईंच्या म्हणण्यानुसार शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावून गेलं.

मला जाग आली ती उकाड्यानं. डोळे किलकिले केले. उशाशी रेवा मांडी घालून बसली होती. तिच्या हातात ती रिकामी डबी होती. दारात अनुजा आणि शकुंतलाबाई, दोघींचे हात तोंडावर. एक हसू दाबत होती, दुसरीचे डोळे वाहत होते. रेवानं वरचं बटण दाबलं.

डबीतून आधी घोरणं आलं. लांब, वर चढणारं, शेवटी शिट्टी वाजणारं. मग तिचा आवाज.

"हा आवाज कोणाचा?"

श्वासभर थांबणं.

"आबाचा."

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. हा शब्द कोणत्या डबीत नव्हता, कोणत्या कार्डावर नव्हता. माझ्या छातीत एवढी मोठी शाब्बासकी उसळली की ती दाबताना कानशिलं दुखली. रेवानं डबी कानाला लावून पुन्हा ऐकली. मग बाजूचं बारीक बटण धरून डबी माझ्या नाकाजवळ आणली आणि वाट बघत राहिली.

मी डोळे मिटले आणि बेताच्या आवाजात पुन्हा घोरायला लागलो.